उटणं, शिकेकाई, कोल्ड क्रीम, स्नो : प्रकल्प नोंदी

१४ सप्टेंबर २०२५

जुनी घरगुती प्रसाधनं पुन्हा करून बघायची, त्यांची यादी पक्की झाली. दिवाळीचं उटणं, केसांची शिकेकाई, मेणाचं कोल्ड क्रीम आणि स्नो, म्हणजे पावडरीआधी चेहऱ्याला लावायचं पांढरं क्रीम. साठ-सत्तरच्या दशकातल्या मराठी घरात फडताळावर याहून फारसं काही नसायचं, आणि जे असायचं त्याचं काम ठरलेलं होतं. आता ते वापरणाऱ्या बायका साठीच्या पुढच्या आहेत. या वयात त्वचेचा तेलकटपणा बराच कमी झालेला असतो, त्यामुळे सोळाव्या वर्षी मानवलेलं प्रमाण आज जसंच्या तसं घेऊन भागणार नाही. मुलतानी माती कमी, तेल आणि साय जास्त, हा बदल पहिल्यापासूनच धरला आहे.

दोन गोष्टी मुद्दाम बाहेर ठेवल्या. पहिली घरचं काजळ. दिव्यावर धरलेली काजळी निर्जंतुक करता येत नाही आणि बोटानं डोळ्यात घालताना संसर्ग होतो. तान्ह्या बाळाला तर नकोच. बाजारातल्या काही सुरम्यात शिसं असतं, तो धोका वेगळाच. दुसरी, जुनी गोरेपणाची क्रीमं. त्यातल्या काहींत पारा असायचा. असा जुना डबा घरात निघाला तर वास घेऊनही बघू नये, सरळ बाजूला काढावा.

२० सप्टेंबर

काष्ठौषधींची खरेदी. नियम एकच : पूड घ्यायची नाही, अख्खा माल घ्यायचा. पुडीत काय मिसळलंय ते डोळ्याला कळत नाही.

आंबेहळदीचा कंद मोडून हुंगायचा, कैरीचा वास यायलाच हवा. तो नसेल तर दुकानदार दुसरीच रानटी हळद देतोय किंवा माल जुना आहे. साधी हळद आली तर चेहरा पिवळा होतो आणि पंचाही पिवळा होतो. कपूरकचरीच्या चकत्या पांढऱ्या, कडेला तांबूस सालीची रेघ असलेल्या. काळपट पडलेल्या परत केल्या. नागरमोथ्याच्या गाठी टणक आणि जड असाव्यात, पोकळ वाजल्या तर किडलेल्या. वाळा घेताना मुळ्या पाण्यात बुडवून बघितल्या, लगेच थंड मातकट वास सुटला.

चंदनाची पूड घेतली नाही. स्वस्तात मिळते तो बहुतेक वेळा अत्तर लावलेला भुसा असतो. घरात खोड असेल तर सहाणेवर उगाळून आयत्या वेळी मिसळावं, तेच उत्तम.

बावची जुन्या याद्यांत हमखास दिसते. ती गाळली. बावचीत सोरालेन असतं, ते लावून उन्हात गेलं की त्वचा भाजल्यासारखी लाल होते आणि नंतर काळे डाग राहतात. नरकचतुर्दशीला पहाटे अंघोळ करून देवळात जाणाऱ्या माणसाला ऑक्टोबरचं ऊन चुकत नाही.

२४ सप्टेंबर

हवेत अजून ओल आहे. पाऊस गेल्याशिवाय दळायचं नाही असं ठरलं होतं, पण वाळवण सुरू केलं. संत्र्याची साल आणि मसूर डाळ उन्हात. वाळा, कपूरकचरी, कचोरा, नागरमोथा आणि गुलाबपाकळ्या सावलीत, पंख्याखाली, मलमलीनं झाकून. सुगंधी मुळं उन्हात टाकली की वास उन्हाबरोबर जातो आणि मागे नुसता काष्ठाचा भुगा उरतो.

संत्रासालीची आतली पांढरी बाजू आधी चमच्यानं खरवडून काढली. तीच उशिरा वाळते आणि बुरशीही तिथेच धरते. साल मोडताना कटकन आवाज आला पाहिजे, वाकली तर आणखी दोन उन्हं.

मुलतानी मातीचे खडे फोडून लोखंडी कढईत मंद आचेवर भाजले. वर धरलेल्या ताटलीवर वाफ दिसेनाशी झाली की बंद. यानं ओल जाते, पण मातीतले सगळे जिवाणू मरत नाहीत. म्हणून उघड्या जखमेवर, फुटलेल्या पुटकुळीवर उटणं लावायचं नाही, मग ते कितीही घरचं असो.

२८ सप्टेंबर

कोल्ड क्रीमची पहिली घाणी. प्रमाण जुन्या औषधनिर्मितीच्या पुस्तकी पद्धतीचं, १०० ग्रॅमसाठी : मधमाशांचं मेण १६, बदाम तेल ५०, टाकणखार (बोरॅक्स) १, पाणी ३३. मेण महाबळेश्वर भागातलं, सातेरी या देशी मधमाशीचं.

तेल-मेण आणि पाणी-टाकणखार ही दोन भांडी वेगवेगळी, दोन्ही ७० अंश सेल्सियसला आणली. पाणी बारीक धारेनं मेणात, लाकडी चमच्यानं एकाच दिशेनं ढवळत. सुरुवातीला पांढरं, दाट, अगदी हवं तसं झालं. ४५ अंशाच्या आसपास कडेनं पाण्याचे मणी दिसायला लागले. थंड झाल्यावर वर तेल, खाली पाणी, आणि मधला गोळा बोटात चोळला तर रवाळ.

अशा वेळी पहिला संशय तापमानावर जातो. पाणी थंड असेल तर मेण गोठतं आणि गुठळ्या होतात, पण त्या गुठळ्या मऊ असतात, बोटाच्या उबेनं विरघळतात. हे रवे कडक आहेत, पाण्याच्या थेंबात विरतात. म्हणजे ते मेण नव्हे, न वापरला गेलेला टाकणखार.

१ ऑक्टोबर

कारण सापडलं, आणि ते मेणात आहे.

कोल्ड क्रीममध्ये तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारं वेगळं द्रव्य आपण घालत नाही, ते भांड्यातच तयार होतं. मेणात थोडी मोकळी आम्लं असतात. टाकणखार त्यांच्याशी मिळून त्यांचा साबण करतो, आणि तो साबण पाण्याचे बारीक थेंब तेलात धरून ठेवतो. पुस्तकातली सगळी प्रमाणं युरोपीय माशीच्या, म्हणजे आपल्याकडे जिला इटालियन किंवा मेलिफेरा म्हणतात तिच्या मेणावर बसवलेली आहेत. त्या मेणाचा आम्लांक साधारण १७ ते २४. (एक ग्रॅम मेणातली मोकळी आम्लं मारायला जितके मिलिग्रॅम कॉस्टिक पोटॅश लागतो, तो आकडा.) आपल्या सातेरीच्या आणि आग्या मोहोळाच्या मेणाचा आम्लांक त्याच्या निम्म्याहूनही कमी भरतो. आम्ल कमी, म्हणून साबण कमी. साबण कमी, म्हणून पाणी सुटतं. आणि टाकणखार उरतो, तो थंड झाल्यावर रव्याच्या रूपानं बाहेर येतो.

खात्रीसाठी दोन छोट्या घाण्या शेजारी शेजारी केल्या, बाकी सगळं तेच. मेलिफेराच्या मेणाची गुळगुळीत जमली. सातेरीची पुन्हा फुटली. सातेरीच्या मेणात टाकणखार ०.४ ग्रॅमवर आणला तर रवे गेले, पाणी मात्र सुटलंच. नुसता टाकणखार कमी करून भागत नाही.

मेणात पॅराफिन मिसळलेलं असलं तरी हीच लक्षणं दिसतात, कारण पॅराफिनमध्ये आम्ल मुळीच नसतं. म्हणून वडी आधी मोडून बघितली. शुद्ध मेण मोडताना दाणेदार तुटतं, नखाला चिकटतं, मधाचा वास येतो आणि ६२ ते ६५ अंशाला वितळतं. पॅराफिनची भेसळ असेल तर वडी निसरडी, अर्धपारदर्शक लागते. आमची वडी शुद्ध होती, जात वेगळी होती इतकंच.

३ ऑक्टोबर

उपाय : कमी पडलेलं आम्ल बाहेरून द्यायचं. १ ग्रॅम स्टिअरिक अ‍ॅसिड (मेणासारखं घट्ट स्निग्धाम्ल) मेणाबरोबर वितळवलं. हिशेब असा : सातेरीचा आम्लांक ७ धरला तर १६ ग्रॅम मेणात सुमारे २ मिलिमोल (रसायनात कण मोजायचं एकक) आम्ल, १ ग्रॅम स्टिअरिक ३.७ ची भर घालतं, एकूण ५.७. एक ग्रॅम टाकणखार ५.२ मिलिमोल आम्ल निपटतो. म्हणजे आम्ल किंचित जास्त राहतं आणि टाकणखार उरत नाही, हेच पाहिजे.

सुधारलेलं प्रमाण, १०० ग्रॅमसाठी : सातेरीचं मेण १६, बदाम तेल ४८, स्टिअरिक १, टाकणखार १, पाणी ३३, फिनॉक्सीइथॅनॉल (संरक्षक द्रव्य) १. पाणी उकळून गार केलेलं घ्यायचं, मग पुन्हा ७० ते ७२ अंशाला आणायचं. मेणापेक्षा अंशभर गरम असलेलं बरं. धार दोन मिनिटं चालावी. व्हिस्क जोरात फिरवू नये, हवा शिरते आणि क्रीम बरणीत बसल्यावर भोकं पडतात. ४५ अंशाला फिनॉक्सीइथॅनॉल, पुन्हा ढवळून ४२ च्या आसपास बरणीत. घट्ट झाल्यावर बरणीत ओतलं तर चकाकी जाते.

ही घाणी जमली. हातावर घेतलं की आधी थंडावा लागतो, मग चकाकणारा पातळ थर उरतो. तो थंडावा पाण्याचे थेंब उडून जाण्याचा आहे; क्रीमच्या नावातलं ‘कोल्ड’ तिथूनच आलं.

टाकणखाराबद्दल तीन गोष्टी लिहून ठेवायलाच हव्यात. काष्ठौषधीच्या दुकानात टाकणखाराची लाही मिळते, ती घेऊ नये. लाही करताना त्यातलं पाणी निघून जातं, त्यामुळे १ ग्रॅम खड्याचं काम जेमतेम अर्धा ग्रॅम लाही करते. वजन तेच ठेवलं तर जवळजवळ दुप्पट टाकणखार पडतो आणि पुन्हा रवे. दुसरं, खडे पाण्यात पूर्ण विरले का ते उजेडात धरून बघायचं. तिसरं, टाकणखार असलेलं क्रीम लहान मुलांना, गरोदर बाईला आणि फाटलेल्या त्वचेवर लावायचं नाही. त्यांच्यासाठी बिनपाण्याचं मलम : मेण १ भाग, तेल ४ भाग, वितळवून गाळायचं, बस्स.

तेलाबद्दल. खोबरेल साधारण २४ अंशाखाली गोठतं, त्यामुळे पुण्या-नाशकाच्या थंडीत क्रीम दगड होतं आणि ऑक्टोबर हीटमध्ये पातळ. घाण्याचं तीळ तेल त्वचेला छान, पण वास मेणावर मात करतो. बदाम तेलच ठेवलं. ई जीवनसत्त्वाची एक कॅप्सूल फोडून घातली तर तेल खवट व्हायला वेळ लागतो. बुरशी मात्र त्यानं थांबत नाही. हे दोन्ही सर्रास एकच समजलं जातं. संरक्षक द्रव्य घालायचं नसेल तर ५० ग्रॅमच करावं, फ्रिजमध्ये ठेवावं, आणि दोन आठवड्यांत संपवावं.

५ ऑक्टोबर

उरलेल्या मेणाचं कुंकवाखालचं मेण केलं. मेण १० ग्रॅम, खोबरेल ८ ग्रॅम, वितळवून करंड्यात. बोट टेकवलं की नखभर निघावं आणि कपाळावर पसरू नये. थंडीत खोबरेल दोन ग्रॅम वाढवावं. पिंजर कोरडी असताना ती कपाळाला धरायला हे लागायचंच. कुंकू मात्र हळदीचं असावं. रासायनिक रंगाच्या कुंकवानं कपाळावर खाज सुटून काळा डाग पडलेल्या बायका आजही दिसतात.

८ ऑक्टोबर

हवा कोरडी झाली, उटणं दळलं.

५०० ग्रॅमचं प्रमाण : मसूर डाळ १५०, मुलतानी माती १००, आंबेहळद ५०, नागरमोथा ४०, कपूरकचरी ४०, गुलाबपाकळी ४०, वाळा ३०, संत्रासाल ३०, कचोरा २०. तेलकट त्वचेच्या तरुण मुलींसाठी माती १५० आणि डाळ १०० केली तरी चालेल.

नागरमोथा आणि कचोरा आधी खलबत्त्यात ठेचले. सरळ मिक्सरमध्ये टाकले तर पातं बोथट होतं आणि भांडं तापतं. वाळा कात्रीनं अर्धा इंच कापून घेतला. लांब मुळ्या पात्याच्या दांड्याला गुंडाळल्या जातात आणि मोटर जळते. दळताना २० सेकंद चालवायचं, थांबायचं, झाकण उघडून वाफ जाऊ द्यायची. भांडं हाताला कोमट लागलं की वास उडायला लागला असं समजावं.

सगळं वेगवेगळं दळून वस्त्रगाळ केलं, मग एकत्र. एकत्र दळलं तर मऊ डाळ पीठ होते आणि वाळ्याच्या काड्या तशाच राहतात. त्या काड्या गालावर बारीक ओरखडे काढतात, आणि लावणारी म्हणते उटण्यानं आग झाली. चाळणीवर उरलेला चोथा टाकायचा नाही; मलमलीच्या पुरचुंडीत बांधून अंघोळीच्या गरम पाण्यात सोडावा.

ओल तपासली : १० ग्रॅम पूड १०५ अंशाच्या ओव्हनमध्ये, वजन स्थिर होईपर्यंत. घट ७ टक्के. यात उडालेलं सुगंधी तेलही मोजलं जातं, म्हणजे खरी ओल त्याहून थोडी कमीच. आठच्या वर असती तर पुन्हा वाळवलं असतं. ओलं उटणं डब्यात गेलं की आधी डाळीच्या पिठात पोरकिडे होतात, मग कुबट वास येतो. काचेच्या बरणीत भरलं. प्लास्टिकचा डबा हा वास धरून ठेवतो आणि नंतर दुसऱ्या कशालाच उपयोगी पडत नाही.

१० ऑक्टोबर

शिकेकाई. शेंगा ५०० ग्रॅम, बिया काढलेलं रिठ्याचं टरफल १००, आवळकाठी १००, मेथ्या ५०, नागरमोथा २५, संत्रासाल २५. कडक उन्हात वाळवून मसाल्याच्या गिरणीत दिलं. पिठाच्या गिरणीत कोणी घेत नाही आणि घेऊही नये, पुढच्याची भाकरी कडू होते. दळताना नाकातोंडाला फडकं बांधायचं. रिठ्याची धूळ डोळ्यात गेली तर झोंबतं.

वापर : दोन मोठे चमचे पूड ३०० मिलिलिटर पाण्यात रात्रभर, सकाळी दहा मिनिटं मंद उकळी, फडक्यातून गाळून कोमट. लोखंडी भांड्यात भिजवली तर शिकेकाई-आवळ्याचं लोखंडाशी मिळून काळं पाणी होतं. काळ्या केसांना ते चालतं, पांढऱ्या केसांवर डाग उमटतो. स्टीलचं पातेलं घ्यावं.

फेस शांपूसारखा येत नाही. केस धुतले गेले की नाही ते फेसावरून ठरवायचं नाही, पाणी ओतताना केस बोटांना किंचित अडखळायला लागले की तेल निघालं. चोपून तेल लावलं असेल तर दोन हात लागतात. आमच्या काढ्याचा पीएच (आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, ७ च्या खाली आम्ल) पट्टीवर ५ च्या आसपास आला. साबणाचं पाणी ९ ते १० भरतं. शिकेकाईनं केस राठ होत नाहीत ते त्यामुळे. उरलेला काढा दुसऱ्या दिवशी आंबतो. फ्रिजमध्ये दोन दिवस, त्यापुढे नाही.

१२ ऑक्टोबर

स्नो. मुंबईत ई. एस. पाटणवालांनी १९१९ मध्ये काढलेला अफगाण स्नो आजीपासून नातीपर्यंत पोचला. निळ्या बाटलीतलं हे पांढरं क्रीम म्हणजे कित्येक घरांत पावडरीआधीचा हात. या जातीच्या क्रीमची घडण साधी आहे : स्टिअरिक अ‍ॅसिडचा पाचवा हिस्सा साबण करायचा, उरलेलं आम्ल त्या साबणानं पाण्यात धरून ठेवायचं.

१०० ग्रॅमसाठी : स्टिअरिक १६, कॉस्टिक पोटॅश ०.७८, ग्लिसरीन ८, पाणी ७४.२, फिनॉक्सीइथॅनॉल १. पोटॅश ८५ टक्के शुद्धतेचा धरला आहे. बाटलीवर ९० लिहिलं असेल तर ०.७४ पुरे. इथे ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटाच हवा, स्वयंपाकघरातला काटा उपयोगाचा नाही.

पोटॅश त्वचा आणि डोळे जाळतो. हातमोजे, चष्मा, खिडकी उघडी. पोटॅश पाण्यात टाकायचा, पाणी पोटॅशवर कधीच नाही. भांडं काचेचं किंवा स्टीलचं. अ‍ॅल्युमिनियम गंजतं आणि त्यातून वायू सुटतो. पोटॅशऐवजी कपडे धुण्याच्या साबणाचा कॉस्टिक सोडा घेतला तर क्रीम टणक, ठिसूळ होतं.

स्टिअरिक आणि पोटॅश-ग्लिसरीनचं पाणी, दोन्ही ७५ अंशाला. पाणी धारेनं स्टिअरिकमध्ये. मिश्रण फुगतं, म्हणून १०० ग्रॅमला ४०० मिलिलिटरचं भांडं. ४० अंशापर्यंत हात थांबवायचा नाही; मध्येच सोडलं तर मोठे स्फटिक होऊन दाणे लागतात. संरक्षक द्रव्य ४५ अंशाला. रात्रभर झाकून ठेवलं.

१३ ऑक्टोबर

स्नो सकाळी पुन्हा हलक्या हातानं ढवळला. पीएच ८. नऊच्या वर आला असता तर वजनात गडबड झाली असं समजून टाकून दिला असता. मोत्यासारखी झाक अजून आलेली नाही, ती स्टिअरिकचे चपटे स्फटिक वाढतील तशी दिवसागणिक येते.

लावण्याची पद्धत महत्त्वाची. ओलसर चेहऱ्यावर वाटाण्याएवढा. जास्त घेतला तर चोळताना वळ्या सुटतात आणि सावळ्या त्वचेवर पांढुरका थर दिसतो. कोरड्या त्वचेवर आधी कोल्ड क्रीमचा अगदी पातळ हात, दहा मिनिटांनी टिपून घ्यायचं, मग स्नो. यानं ऊन अडत नाही. नायटा किंवा इसब असलेल्यांनी हा पीएच टाळावा.

२० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी

अभ्यंगाला उटणं वापरात. आधी कोमट तीळ तेल, अर्धा तास. मग दोन चमचे उटणं, एक चमचा साय, लागेल तसं दूध. हे कोरड्या त्वचेसाठी. तेलकट त्वचेला नुसतं गुलाबपाणी. दोन-तीन मिनिटं चोळून लगेच धुवायचं. पूर्ण वाळू दिलं तर माती आकसताना त्वचा ओढली जाते आणि नंतर दिवसभर कोरडेपणा जाणवतो. नवीन वापरणाऱ्यांनी आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघितलं होतं. एकीला मसुरानं खाज आली. तिच्यासाठी मसुराऐवजी तांदळाची पिठी वापरली.

मोरीच्या जाळीवर जुनं फडकं टाकावं. माती आणि डाळीचं पीठ नळीत बसलं की वाळून घट्ट होतं आणि उकळत्या पाण्यानंही सुटत नाही.

१६ नोव्हेंबर

तपासणी. कोल्ड क्रीम एकजीव, पाणी नाही, रवे नाहीत. पहाटेच्या थंडीत किंचित घट्ट होतं, बोटावर लगेच सैल पडतं. स्नोवर आता छान झाक आहे. एका बरणीचं झाकण सैल होतं, तिथे कडेनं आकसून भेग पडली. पुढच्या घाणीला रुंद तोंडाच्या बरण्या नकोत, अरुंद तोंड आणि आत रबरी चकती. उटण्याचा गुलाब उतरला, वाळा आणि नागरमोथा टिकून आहेत.

कोल्ड क्रीमची पुढची घाणी आग्या मोहोळाच्या मेणाची. आम्लांक प्रयोगशाळेतून काढून आणायचा आणि स्टिअरिक त्याप्रमाणे बसवायचं. मेण वितळवताना आधी पाण्यात उकळून, वरचा थर गोठवून, तळाचा कचरा खरवडायचा. जंगलातल्या मेणात परागकण आणि माशांचे पंख बरेच येतात.